ड्राइव्हवर ‘टाकणे’, ‘ठेवणे’ की ‘जतन करणे’?

नौपाडा, ठाणे

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गेल्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मी लिहिले आणि त्यातल्या एका क्रियापदावरून पाऊण तास वाद रंगला, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. वाक्य असे होते : ‘इमारतीचे मूळ नकाशे स्कॅन करून ड्राइव्हवर टाकण्यात आले आहेत.’ तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “टाकले? अहो, कचरा टाकतात. नकाशे टाकत नाहीत.” त्यांच्या मते ‘जतन करण्यात आले’ असेच लिहायला हवे होते. खजिनदारबाईंनी तडजोड म्हणून ‘अपलोड’ सुचवले, पण क्रियापदाचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण अपलोडलाही पुढे ‘करणे’ जोडावेच लागते.

मला ‘टाकणे’ हा शब्द मुळीच हीन वाटत नाही. आपण पत्र पेटीत टाकतो, बँकेत पैसे टाकतो, पोराला शाळेत टाकतो, आणि पहाटे दारात वर्तमानपत्र देऊन जाणाऱ्याला पेपर टाकणारा मुलगा म्हणतो. या सगळ्या ठिकाणी वस्तू आपल्या हातून सुटते आणि एखाद्या चालत्या व्यवस्थेच्या हाती जाते. पुढचे ती व्यवस्था पाहील, असा त्यात भरवसा असतो. आजचे ‘पोस्ट टाकणे’, ‘स्टेटस टाकणे’, ‘मीम टाकणे’ हे त्या ‘पत्र टाकणे’चेच वंशज आहेत असे मी मानतो. ऑर्कुट या समाजमाध्यमाच्या दिवसांत तर आपण एकमेकांना ‘स्क्रॅप टाक’ (म्हणजे माझ्या पानावर निरोप लिही) असे सांगत असू, आणि गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली तरी त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला आठवत नसे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा मात्र तो आठवला.

तरीही गुरुजींचा कान चुकत होता असे म्हणता येत नाही. ‘पुसून टाक’, ‘विसरून टाक’, ‘देऊन टाक’ यांत टाकणे म्हणजे कायमचे निकालात काढणे. नवऱ्याने टाकलेली बाई असे पूर्वी सर्रास म्हणत, तो प्रयोग तर अंगावर येतो. त्यामुळे नकाशांसारख्या, चाळीस वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी लागणाऱ्या कागदांसाठी हा शब्द ऐकून एखादा दचकला, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

मग ‘जतन’? हा शब्द ‘यत्न’वरून आला आहे. हिंदीत ‘जतन’ म्हणजे अजूनही प्रयत्न, खटपट. मराठीत तो निगा राखणे, सांभाळणे या अर्थाला स्थिरावला. म्हणजे जतन ही चालू राहणारी क्रिया आहे. संगणकाच्या पडद्यावर मराठी निवडली की अनेक ठिकाणी ‘जतन करा’ असे बटण दिसते आणि त्याच्या शेजारी साडेतीन इंची फ्लॉपीचे चित्र असते. त्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावत असे. आजच्या फोनवरचा एक साधा फोटोही तिच्यात बहुधा बसणार नाही. बटण एकदा दाबण्याला ‘जतन’ म्हणावे का, असा माझा प्रश्न आहे.

ऐरोली, नवी मुंबई

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे जी डेटा सेंटर उभी आहेत, त्यांपैकी एकात मी पाळीने काम करतो, म्हणून थोडे लिहितो. लोक ज्याला क्लाउड म्हणतात तो येथे जमिनीवरच आहे : बाहेरून गोदामासारखी इमारत, आत कपाटांच्या रांगा, पंख्यांचा अखंड घोंघाट, आणि वीज गेलीच तर सुरू होणारी डिझेलवरची जनित्रे. नेटवर्कच्या आराखड्यात ज्या भागाचा अंतर्गत तपशील दाखवायचा नसे तिथे अभियंते ढगाचे चित्र काढीत, तिथून हे नाव आले. सरकारने आपल्या क्लाउडला ‘मेघराज’ असे भारदस्त नाव दिले आहे. पण बोलीत ‘ढग’ रुजला नाही आणि रुजणारही नाही, कारण आपल्याकडे ‘ढगात गेला’ म्हणजे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. ‘सगळे फोटो ढगात गेले’ हे वाक्य मी कोणत्याही ग्राहकाला सांगू धजणार नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे जुने लोक ‘बॅकअप ठेवला’ असे म्हणत नाहीत, ‘बॅकअप घेतला’ असे म्हणतात, आणि त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो : “परत उतरवून पाहिला का?” उलट दिशेने फाइली आणून उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे आम्ही मानत नाही. डिस्क मरतात, त्या बदलाव्या लागतात, प्रती दुसऱ्या इमारतीत पोहोचल्या की नाही ते तपासावे लागते. तेव्हा जतन ही चालू राहणारी क्रिया आहे हे आपले म्हणणे अक्षरशः खरे आहे. फक्त ती बटण दाबणारा करत नाही. माझी आजी कोकणी बोलते, तिच्या भाषेत ‘जतनाय’ म्हणजे काळजी, आणि रात्रपाळीला निघताना ती तोच शब्द मला ऐकवते.

कोपरखैरणे

एक छोटी भर. डाउनलोडसाठी ‘उतरवून घेणे’ हा प्रयोग वरच्या उत्तरात सहज आला आहे आणि तो नवा नाही. फळ्यावरचे आपण वहीत उतरवून घेत होतोच. उतरवलेली प्रत म्हणजे ‘उतारा’, म्हणूनच सातबाराचा उतारा. आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून उतरवता येतो, तेव्हा उतारा पुन्हा उतरवून घेतला असे म्हणावे लागेल. (लिंबू-मिरचीचा उतारा आणि विषावरचा उतारा येथे बाजूला ठेवतो.) असाच एक शब्द ‘अवतार’. त्याचा मूळ अर्थ खाली येणे. परदेशी संगणक-खेळांतून फिरून तो प्रोफाइलवरचे चित्र होऊन परत आला, आणि आमच्या घरात मात्र अजून ‘काय हा अवतार केला आहेस’ याच अर्थाने नांदतो आहे.

नौपाडा, ठाणे

दोघांचेही आभार. या उत्तरांनंतर मी दोन दिवस घरात आणि कचेरीत लोक काय बोलतात तिकडे लक्ष दिले. ‘ग्रुपवर टाक’, ‘ड्राइव्हवर टाक’ असे सगळेच म्हणतात. पण डिजिलॉकरचा विषय निघाला की तीच माणसे ‘आधार लॉकरमध्ये ठेवलंय’ असे म्हणतात. लॉकर हा शब्द बँकेतल्या सोन्यासह आला, म्हणून त्याने ‘मध्ये’ आणि ‘ठेवणे’ बरोबर आणले. ड्राइव्हला आपण ‘वर’ लावतो, आणि पृष्ठभागावर वस्तू टाकलीच जाते. म्हणजे क्रियापद आपण वस्तूच्या मोलावरून निवडतो असे गुरुजी समजत होते, प्रत्यक्षात ते जागेच्या नावावरून ठरते.

‘ठेवणे’चा आणखी एक गुण असा की ते दुसऱ्या क्रियापदाला येऊन बिलगते : लिहून ठेव, सांगून ठेव, झाकून ठेव. पुढे लागेल म्हणून आताच केलेली तजवीज, एवढा अर्थ त्या एका शब्दात मावतो, आणि म्हणूनच इंग्रजी ‘सेव्ह’ घेऊनही आपले समाधान होत नाही, आपण ‘सेव्ह करून ठेव’ असेच म्हणतो. शिवाय ‘ठेव’ म्हणजे दुसऱ्याकडे सोपवलेली, पण मालकी आपलीच राहिलेली वस्तू. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा देऊ करत अवतरले तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. आज गूगलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मिळते, आणि दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते पुसले जाऊ शकते. या ठेवीला मुदत आहे, ती पावतीवर ठळक छापलेली नसते इतकेच.

हे मी अनुभवाने शिकलो. फोन भरला म्हणून मी आईच्या फोनमधले फोटो पुसले, ‘वर’ तर आहेतच या समजुतीने; फोन आणि क्लाउडवरचे खाते एकमेकांशी जुळवलेले असल्याने वरचेही गेले, आणि महिन्याने ती मामाच्या पंचाहत्तरीचा फोटो शोधू लागली तेव्हा कळले. “काय करून ठेवलंस!” असे ती म्हणाली. येथेही ‘ठेवणे’च.

इतिवृत्तातील वाक्य आता असे केले आहे : ‘इमारतीचे मूळ नकाशे स्कॅन करून संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवले आहेत, त्यांच्या जतनाची जबाबदारी सचिवांकडे राहील आणि दर सहा महिन्यांनी प्रत उतरवून तपासली जाईल.’ गुरुजींनी सही केली. सचिव मीच असल्याने पहिली तपासणी मला दिवाळीच्या आधी उरकायची आहे.