मदत हवी आहे: २५ जणांच्या पार्टीसाठी दूध-दही अजिबात नसलेलं डिप

गच्चीवाली

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर पंचवीसेक जण जमणार आहेत. जेवण बाहेरून येतंय, त्याची काळजी नाही. सुरुवातीचं खाणं माझ्याकडे आहे. गाजर, काकडी, ढोबळी मिरचीच्या काड्या आणि सोबत डिप ठेवायचं डोक्यात आहे. एरवी मी चक्का फेटते, त्यात लसूण, मिरपूड, कोथिंबीर घालते आणि विषय संपतो.

यावेळी चक्काच बाद. नणंदेचा मुलगा येतोय, सात वर्षांचा, त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचत नाही, पोट बिघडतं, तो प्रकार नव्हे. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. म्हणजे दही, चीज, पनीर, लोणी, साय सगळं बंद. जेवणाचा डबा नणंद त्याच्यासाठी वेगळा आणतेच. पण प्रत्येक समारंभात हे पोर कोपऱ्यात आपला डबा उघडून बसतं ते मला बघवत नाही. निदान सुरुवातीचं ताट तरी सगळ्यांचं एकच असावं, आणि ते "त्याच्यासाठी केलंय" असं न वाटता लोकांनी पुन्हा पुन्हा घ्यावं.

शेजारच्या मुलीला शेंगदाणे आणि सुकामेवा चालत नाही, म्हणून काजूचं क्रीम नको (तसंही पंचवीस जणांसाठी काजू वाटायचे म्हणजे खिशाला भोक). अ‍ॅव्होकाडोही नको, नेमका त्या दिवशी दगडासारखा निघतो. ओव्हन नाही, गॅस आणि मिक्सर आहे. शनिवारी रात्री करून ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं.

ओव्याची_भजी

हल्ली लॅक्टोज-फ्री दही मिळतं की! ते टांगून चक्का कर. चव तीच, कुणाला कळणारही नाही.

रात्रपाळी

ओव्याची_भजी, नको नको, हे अजिबात करायचं नाही. गच्चीवाली, आधी हे वाच.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी लॅक्टोज-फ्री दूध-दही असतं. त्यात एन्झाइम घालून ती साखर आधीच फोडलेली असते. पण अ‍ॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसिन आणि व्हे यांची. ती प्रथिनं लॅक्टोज-फ्री दह्यात जशीच्या तशी असतात. तुपात ती अगदी थोडी उरतात, पण थोडी उरतात म्हणजे उरतात. त्यामुळे वरून तुपाची फोडणीही नको.

माझ्या मुलीला लहानपणी हेच होतं, तेव्हापासून पाकिटं उलटी करून वाचायची सवय लागली ती लागलीच. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे पावडर', 'सोडियम केसिनेट' यांपैकी काही दिसलं की पाकीट परत फळीवर. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीमरमध्येही केसिनेट असू शकतं, त्या शब्दावर जाऊ नकोस. आपल्याकडे लेबलिंगच्या २०२० च्या नियमांप्रमाणे दूध असेल तर घटकांच्या यादीजवळ ते अ‍ॅलर्जीची सूचना म्हणून वेगळं लिहावं लागतं. ती ओळ आधी शोध.

आणि अंडं नसलेलं मेयॉनीज! लोक हमखास ते सुचवतील. मूळ मेयॉनीजमध्ये तेल, अंडं आणि आंबट एवढंच असतं, दुधाचा संबंध नाही. पण अंडं काढल्यावर ते बांधून ठेवायला काही कंपन्या दुधाची पावडर घालतात. लेबल न वाचता आणू नकोस.

पेठेतला_पाहुणा

डिप डिप काय लावलंय? चटणीच ना ती? कोथिंबिरीची हिरवी चटणी वाटा, लिंबू पिळा, झालं. दुधाचा थेंब नाही. उगाच धागे काढायचे.

गच्चीवाली

@रात्रपाळी, खूप आभार. मेयॉनीजचं माहीत नव्हतं, यादीत होतं ते काढलं.

@पेठेतला_पाहुणा, काका, चटणी मलाही आवडते. पण गाजराच्या काडीवर ती टिकत नाही हो. काडीवरून मनगटावर आणि मनगटावरून पांढऱ्या कुर्त्यावर. मला काडी उभी राहील असं दाट काहीतरी हवंय.

तीळ_आणि_तांदूळ

काकांचं अगदीच चुकीचं नाही, चटणीत फक्त अंग नाही. चक्का डिपमध्ये तीन कामं करतो: दाटपणा देतो, आंबटपणा देतो आणि जिभेवर स्निग्धपणा ठेवतो. 'दह्यासारखं काय' हे शोधत बसलीस तर सगळं नकलीच वाटेल. ही तीन कामं कोण करेल ते बघ. दाटपणाला कडधान्य किंवा भाजलेली भाजी, आंबटाला लिंबू, स्निग्धपणाला तीळ.

थोडक्यात, हमस कर, म्हणजे काबुली चणे आणि तिळाचं दाट डिप. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडे पिढ्यानपिढ्या रोजच्या खाण्यात आहे, आणि त्यात दूध मुळातच नसतं, त्यामुळे काही काढून टाकल्यासारखं वाटत नाही. तुझ्या पंचवीस जणांना अर्धा किलो काबुली चणे पुरतील, शिजून ते दुपटीहून थोडे जास्त होतात. शुक्रवारी रात्री भिजत घाल. शिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाल, सालं मऊ पडतात. शिट्ट्यांचा हिशोब कुकरगणिक बदलतो, म्हणून सांगत नाही. चणा दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं, नुसता 'शिजलेला' चालणार नाही. उसळीला आपण जिथे थांबतो त्याच्या बरंच पुढे जायचं. मग पाण्यात हलक्या हाताने चोळ, सालं वर तरंगतात, ती काढ. सगळी निघाली नाहीत तरी बिघडत नाही.

तिळाच्या पेस्टची महागडी बाटली आणू नकोस. दीडशे ग्रॅम पांढरे तीळ मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत भाज. रंग बदलला की कडवट लागतात, संक्रांतीच्या लाडवाइतके खमंग इथे नकोत. कोमट असतानाच तीन-चार चमचे बिनवासाचं तेल घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढ. मध्येमध्ये थांबून कडा खरवडाव्या लागतात, मिक्सर तापला तर दम खाऊ दे.

सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून चार लिंबांच्या रसात दहा मिनिटं ठेव, कच्च्या लसणाचा झणका उतरतो. मग चणे कोमट असतानाच हे सगळं, मीठ आणि तीळ एकत्र फिरव आणि फिरवताना बर्फाचं पाणी थोडं थोडं घाल. इथेच जादू आहे. रंग उजळतो आणि लगदा फुलून मलईसारखा होतो, कुणीतरी विचारेलच की यात क्रीम आहे का. फ्रीजमध्ये घट्ट होतं, म्हणून रात्री हवं त्यापेक्षा जरा सैलच ठेव.

मुलांसाठी थोडा भाग वेगळा काढून त्यात एक छोटं उकडलेलं बीट फिरव. चव फार बदलत नाही, पण तो गुलाबी रंग बघून पोरं तुटून पडतात.

नळस्टॉप_ते_न्यूजर्सी

+१ हमसला. फक्त एक विचारून घे: दोन्ही मुलांना तीळ चालतात ना? इथे अमेरिकेत २०२३ पासून तीळही अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत आलेत. भारतातल्या यादीत ते नाहीत, त्यामुळे लेबलवर वेगळी सूचना दिसेलच असं नाही. सुकामेवा न चालणाऱ्या मुलीच्या आईला फोन करच. सोयाचंही तेच. सिल्कन टोफूचं (सोयाच्या दुधाचं मऊ पनीरच म्हण) डिप सुंदर होतं, पण दूध न चालणाऱ्या काही मुलांना सोयाही चालत नाही.

कपाशीच्या_काड्या

एवढं लांब लेबनॉनला जायची गरजच काय? जळगावला या.

आमचं खानदेशी भरीत. दही नाही, साय नाही, काही नाही. तुम्हा पुण्याकडच्या लोकांना भरतात दही कालवायची सवय म्हणून डोळ्यांसमोर येत नसेल. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत पार्ट्या होतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात आणि लाकडी भांड्यात ठेचतात. आमच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. ते हिरवं, मोठं, कमी बियांचं असतं. तिकडे मिळालं तर उत्तम, नाही तर मोठं जांभळं घ्या. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया असतात.

डिपसाठी असं करा. दोन किलो वांगी, प्रत्येकाला सुरीने दोन-तीन टोचे (नाही तर गॅसवर फुटतं आणि ओटा पुसत बसावं लागतं), तेलाचा हात, आणि थेट जाळावर. साल पूर्ण काळं होऊन सुरकुतलं आणि देठाशीही मऊ लागलं की झालं. देठाशी कच्चं राहिलं तर सगळ्या डिपला तुरट चव येते. साल काढा, पण धुऊ नका!! धुतलं की धूर गेला, मग उकडलेलं वांगं आणि हे एकच. गर चाळणीत निथळत ठेवा, बरंच पाणी सुटतं. निथळून किलोभर उरतो.

तेलात लसूण आणि हिरवी मिरची परता, मीठ घालून खलबत्त्यात ठेचा आणि गरात मिसळा. मिक्सर नको, चिकट खळ होते. लिंबू पिळा. वरच्या ताईंनी सांगितलेली तिळाची पेस्ट दोन चमचे घातली तर दाटपणा येतो. आमच्या आईला ते पटणार नाही, पण डिप म्हणून चांगलं लागतं. भरतात आम्ही दाणे आणि खोबऱ्याचे काप घालतो, तुमच्याकडे दाणे वगळा. वरून पातीचा कांदा.

पेठेतला_पाहुणा

हे बरं आहे. यासोबत कळण्याची भाकरी हवी, गाजर कसलं.

गच्चीवाली

किती छान सांगताय सगळे! दोन्ही आयांशी बोलले, तीळ दोन्ही मुलांना चालतात. म्हणून हमस आणि भरीत दोन्ही करतेय. भरीत मोठ्यांसाठी तिखट, थोडं मुलांसाठी बिनमिरचीचं.

अजून थोडं विचारते. भाज्या किती आणू? काड्यांशिवाय सोबत काय ठेवू? आणि गच्चीवर डिप किती वेळ बाहेर राहिलेलं चालेल?

रात्रपाळी

डिप माणशी पन्नास-साठ ग्रॅम धरलं तरी तुझ्याकडे भरपूर होतंय. भाज्या तीन किलो पुरे. काकडी बिया काढून काप आणि तिला आधी मीठ लावू नकोस, ताटात तळं होतं. गाजर-मुळ्याच्या काड्या सकाळी कापून बर्फाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेव, संध्याकाळी कडकडीत लागतात. वाढताना मात्र कोरड्या पुसून घे, ओल्या काडीला डिप चिकटत नाही. फरसबी आणि ब्रोकोली उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून लगेच गार पाण्यात.

सोबत ठेवायच्या गोष्टीत खरी मेख आहे. डिप निर्धोक आणि शेजारी क्रीम-अनियन चिप्स, असं होतं. त्या मसाल्यात दूध असतं. ब्रेडमध्ये बऱ्याचदा मिल्क सॉलिड्स, खाकऱ्याला तूप. साधे खारे चिप्स, ज्वारीचे भाजलेले पापड, घरची भाकरी कापून कडक केलेली, हे बरं. पाकिटातलं काहीही असलं तरी लेबल वाचूनच.

मिक्सरच्या भांड्याची झाकणाची रिंग काढून धू, तिच्या खाचेत लस्सीचा थर बसलेला असतो. लाकडी चमचा नवा वापर. आणि भाच्याची वाटी सगळ्यात आधी भरून बाजूला काढ. कारण कुणीतरी चीज लागलेलं बोट किंवा नाचो मोठ्या भांड्यात बुडवणारच, कितीही सांग. मोठ्या भांड्यात काड्या बुडवू न देता चमच्याने आपापल्या वाटीत घ्यायला सांगितलंस तर सगळ्यांच्याच वाट्या दिसतील, त्याची वेगळी दिसणार नाही.

बाहेर दोन तास, फार उकाडा असेल तर एकच. एकदम सगळं मांडू नकोस. निम्मं फ्रीजमध्ये ठेव आणि दुसरी खेप स्वच्छ भांड्यात आण, उरलेल्यावर ओतू नकोस. त्याचं औषध कुठे ठेवलंय तेही नणंदेला विचारून ठेव.

गच्चीवाली

वाट्यांची कल्पना फारच आवडली. तीस छोट्या स्टीलच्या वाट्या आहेत घरात, रुखवतातल्या, आजवर एकदाही काढल्या नाहीत.

शेवटचं: वांगी शनिवारी रात्री भाजली तर चालतील का? रविवारी सकाळी गॅस रिकामा मिळेल असं वाटत नाही.

कपाशीच्या_काड्या

चालतील. भाजा, सोला, गर गार झाला की चाळणी भांड्यावर ठेवून वर झाकण घाला आणि तशीच फ्रीजमध्ये सरकवा, रात्रभर छान निथळतो. मिरची-लसणाचा ठेचा आणि लिंबू रविवारी दुपारी. पातीचा कांदा अगदी मांडायच्या वेळी, आधी घातला तर पाणी सुटतं आणि वास धरतो. आणि कांदा मोठ्यांच्या भांड्यावरच, पोरं निवडून ताटाच्या कडेला ठेवतात.

ओव्याची_भजी

लॅक्टोजचं मला खरंच माहीत नव्हतं, बरं झालं कळलं. रविवारी मीही हमस करून बघणार आहे. सोडा नाही घातला तर चालेल का?

तीळ_आणि_तांदूळ

चालेल, जास्त वेळ शिजव आणि सालं जरा नेटाने काढ.