चिकन जाळीवर भरवसा नको
भाऊ, तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्याला षटकोनी चिकन जाळी लावतो म्हणता, पण ती कोंबड्या आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही ठेवत. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी तीच होती, पावसाळ्यात मुंगसानं कोपऱ्यातून माती उकरली अन् सकाळी पाहतो तर तीन कोंबड्या गेलेल्या, पिसं पार तुळशीपर्यंत. मग अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी) आणली, अन् खोल खणत बसण्यापेक्षा तीच बाहेरून दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर विटा-माती टाकली, उकरणारा जाळीलगतच उकरतो नं, पंजाला तार लागली की सोडून देतो. हवेच्या फटीलाही तीच मारा, धामण शिरते. छताला नुसता पत्रा नको, मे महिन्यात ४५ डिग्रीत भट्टी होते, वर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) टाका.