अनुभव धागा: दोन भाषांत वाढणारं मूल आणि बोलण्याची तपासणी

रेडिंग, इंग्लंड
लेक पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी. लवकरच हेल्थ व्हिजिटरकडची (म्हणजे लहान मुलांची वाढ पाहणारी इथली नर्स) दोन वर्षांची तपासणी आहे आणि माझ्या पोटात गोळा आलाय. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहाल का?

लेस्टर
आमच्याकडे प्रश्नावली आधीच घरी आली होती. दोन-तीन शब्द जोडून बोलतो का, चित्रातल्या वस्तूंची नावं सांगतो का, असं विचारलेलं. तपासणीत बाईंनी कावळ्याचं चित्र दाखवलं. लेक एकदम खूश होऊन म्हणाला, "काऊ!" बाईंना ऐकू आलं ते इंग्रजीतलं गाय. उत्तर चूक धरलं गेलं. मी तिथे बोलले नाही, याचं अजून वाईट वाटतं. घरी येऊन फ्रिजवर कागद लावला. माऊ, काऊ, मम्मं, नको, दे, भुर्र... मराठी ३४, इंग्रजी ११. पुढच्या वेळी तो कागदच घेऊन गेले. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे, "भू भू"सुद्धा शब्दच. आणि "दुदू दे" हे दोन शब्दांचं वाक्य झालं की!

न्यू जर्सी
इथे तीन वर्षांखालच्या मुलांची अर्ली इंटरव्हेन्शनची (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणारी सरकारी योजना) तपासणी मोफत असते. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि मदत ठरवायची पहिली बैठक व्हायला हवी. दुभाषी हवा, हे पहिल्याच फोनवर सांगा.

पुणे
माझा अनुभव वेगळा आहे. नवरा धारवाडचा, सासूबाई लेकीशी कन्नडच बोलायच्या. एका डॉक्टरांनी सांगितलं, एकच भाषा ठेवा. पाच महिने अज्जी नातीजवळ नुसती गप्प बसून असायची. झोपवतानाचं गाणंही बंद. तरी लेक बोलेना. मग कान तपासले, तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं! भाषेचा काही संबंधच नव्हता. हात जोडून सांगते, आधी कानांची तपासणी करा आणि आजीला बोलू द्या.

सिंगापूर
आमचा मुलगा दोन्ही भाषांत मागे होता. सांगितलेलं त्याला फारसं कळतही नव्हतं. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत आम्ही वर्ष घालवलं. तसं करू नका. थेरपी आता मराठीतून घरीही चालते.

रेडिंग, इंग्लंड
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कानांच्या तपासणीसाठी फोन केला. यादी करायला घेतली आहे, दोन्ही मिळून ४१ झाले. दाराकडे बोट दाखवून "बा" म्हणते, म्हणजे बाहेर. हाही धरायचा ना?