ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये आतडं कापायची खरंच गरज असते का?

पंचगंगाकाठ
आत्तीला ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज थ्री सी, म्हणजे पोटात पसरलेला. पोटातलं पाणी काढलंय. सर्जन म्हणतात ऑपरेशनमध्ये गुदाशय आणि त्याच्या वरचा आतड्याचा तुकडा पण काढावा लागंल, कदाचित पोटावर शौचाची पिशवी लावावी लागंल. माझं मत स्पष्ट हाय, हा हट्ट हाय. कॅन्सर ओव्हरीचा, मग आतड्याला हात कशाला? आधी किमो द्या, गाठी बारीक होऊ देत, मग बघू. २०१० ला युरोपातली मोठी ट्रायल आली, आधी ऑपरेशनवाल्या साधारण २९ महिने जगल्या, आधी किमोवाल्या ३० महिने, आणि ऑपरेशननंतर दगावणाऱ्या पण किमोवाल्यांत कमी. मग कापाकापी कशासाठी?

तांबडा_पांढरा
भावा अर्धीच ट्रायल वाचलीस. त्यात आधी ऑपरेशन झालेल्यांत पोट पूर्ण साफ झालेल्या बायका जेमतेम पाचात एक. बाकीच्यांत गाठी राहिल्याच, मग निकाल कसा वेगळा येणार? ह्या आजारात सगळ्यात जास्त फरक पडतो तो डोळ्याला दिसंल असं काही शिल्लक न राहण्यानं. आणि हा कॅन्सर गर्भाशयाच्या मागं उतरून गुदाशयाला बाहेरनं चिकटतो, सगळं एक गोळा होऊन बसतं, सोडवायला गेलं तर गाठीचा भाग तिथंच राहतोय म्हणून सगळं एकत्रच काढतात. हट्ट कसला त्यात.

ओटी_सिस्टर
दोघंबी थोडं थांबा. आतडं काढणं तेव्हाच कामाचं जेव्हा बाकीचं पोट पण साफ होणार असतं. लहान आतड्यावर सगळीकडं साबुदाण्यासारखे दाणे पसरलेत आणि खालचा एक तुकडा कापला तर उपयोग शून्य, वर आतड्याचा जोड लीक झाला तर पोटात इन्फेक्शन, आणि किमो लांबते ते वेगळंच. काही ठिकाणी आधी दुर्बिणीतनं बघतात ते ह्याच्यासाठीच. सर्जनला एकच विचारा, सगळं निघंल असं वाटतंय का, आणि नाही निघालं तर आतड्याला हात लावणार का?

तांबडा_पांढरा
सिस्टर बरोबर. पण आधी ऑपरेशनचं पारडं अगदी हलकं नाही. हीच तुलना करणाऱ्या ट्रस्ट नावाच्या ट्रायलचा निकाल २०२५ ला आला, अनुभवी सेंटरच निवडली होती, आधी ऑपरेशनवाल्या साधारण ५४ महिने जगल्या, आधी किमोवाल्या ४८.

पंचगंगाकाठ
आणि तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, ते गाळलंस! शिवाय ती निवडक सेंटरं. इथं महिन्यातनं असली ऑपरेशनं किती करता हे विचारलं तर डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात.

तांबडा_पांढरा
विचारायचंच. हक्क हाय आपला. नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची आणि परळला टाटात सेकंड ओपिनियन घ्यायचं.

कागलची_सून
पिशवीला एवढं का घाबरताय सगळे? सासूबाईंना होती. आतडं कापलं तरी प्रत्येकीला पिशवी लागते असं नाही, आणि जोड भरून यावा म्हणून लावलेली बऱ्याचदा किमो संपल्यावर बंद करतात. कायमची आहे का तात्पुरती एवढं आधीच विचारून घ्या. आम्हाला त्रास पिशवीचा नाही, कातडी सोलवटायची त्याचा झाला, आणि लग्नकार्याला जायचं त्यांनी स्वतःच बंद केलं.

आजरा_घनसाळ
आजार उलटून आतडं तुंबतं तेव्हाची गोष्ट निराळी हां. एकाच जागी अडलं असंल तर पिशवी लावून उलट्या थांबतात, माणूस दोन घास खातं. चार जागी अडलं असंल तर कापून हाल वाढतात, तिथं आतड्यातलं पाणी कमी करणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, नाकातनं नळी, एवढंच बरं. लोक ह्या दोन्ही गोष्टी एकातच घालतात.

पंचगंगाकाठ
पण आत्ती बहात्तरची, शुगर हाय, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन कमी, अडीच. हिला आठ तास टेबलावर ठेवायचं?

ओटी_सिस्टर
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं की! अडीचला आतड्याचा जोड धरंल का नाही ह्याची धाकधूक असते. अशा पेशंटला आधी किमोच बऱ्याचदा देतात, तीन सायकलनंतर परत सीटी, मग आतड्याचं ठरवा. तोवर आहारतज्ज्ञाला दाखवा, शुगर बघून अंडी, डाळ, पनीर जे जाईल ते थोडं थोडं द्या.

तांबडा_पांढरा
+१. ह्या केसमध्ये मीबी किमोच आधी म्हणंन. पण "आतड्याला हात कशाला" हे तुझं वाक्य अजून चुकीचंच हाय.