मदत हवी आहे: पीळवाला लेझर बीम फायबरमधून जाईना

नमस्कार मंडळी, रत्नागिरीत एमएस्सी फिजिक्स करतोय, प्रोजेक्ट पिळाच्या प्रकाशावर, म्हणजे ज्याची लहर पुढे जाताना स्क्रूसारखी पिळत जाते तो. २०१३ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या टीमने वगैरे असा पीळ टिकवणाऱ्या खास व्होर्टेक्स फायबरमधून १.१ किमी असे बीम पाठवून सेकंदाला १.६ टेराबिट डेटा नेला होता, पण ते फायबर आम्हाला कुठलं मिळायला! आमच्याकडे हेलियम-निऑन लेझर आणि केबलवाल्याकडनं आणलेला साध्या सिंगल मोड फायबरचा तुकडा. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला त्यातून एकच मोड (प्रकाशाचा ठरावीक आकार) जातो पण आमच्या लेझरच्या ६३३ ला दोनचार जातात म्हणून आशा आहे.

काट्याच्या होलोग्रामने (मधे काटा-चमच्यातल्या काट्यासारखी फुटलेली रेषांची जाळी) बीम मस्त बनतो, मधे काळं भोक वगैरे, फायबरमधून बाहेर आला की मात्र दोन ठिपके, आणि फायबर जरा हलली की तेही फिरतात. मोड मिक्सिंगच (मोड एकमेकांत मिसळणं) ना हे? फायबरची वेटोळी घालून, ती पिळून परत गोल रिंग मिळते का? पॅडल कंट्रोलरला (फायबरची वेटोळी धरून फिरवायचं उपकरण) बजेट नाही, सर म्हणतात घरीच बनव, तर वेटोळ्याचा व्यास साधारण किती ठेवू?