मदत हवी: बॅशमध्ये एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्याच्या त्याच फोल्डरमध्ये थेट कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात संत्रा बागांच्या उपग्रह चित्रांवर काम करतो. सगळा डेटा एका लिनक्स सर्व्हरवर आहे. तिथे फक्त बॅश, शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) बदलायची परवानगी नाही. होममध्ये ‘संत्रा’ फोल्डर, त्यात जिल्हा, तालुका, वर्ष आणि शेवटी बहार (फुलोऱ्याचा हंगाम). उदा. ‘संत्रा/नागपूर/काटोल/२०२३/आंबिया’.

आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत. त्यामुळे तुलना करायची तर वर्ष आणि बहार तोच ठेवून तालुका बदलावा लागतो. काटोल बघताना नरखेड, लगेच वरूड, मग मोर्शी, दिवसभर हेच. दर वेळी अख्खा मार्ग टाइप करण्यात तंद्री मोडते हो.

‘सीडी’ या फोल्डर बदलायच्या कमांडपुढे वजाचं चिन्ह दिलं की आधीच्या फोल्डरमध्ये परत जाता येतं, पण तिसरा तालुका आला की त्याचा उपयोग नाही. पुशडी-पॉपडी या फोल्डरांची चळत ठेवणाऱ्या कमांडमध्ये कोण कितव्या नंबरवर आहे हे ध्यानात ठेवावं लागतं. सीडीपाथमध्ये (सीडीने कुठे शोधायचं त्याची यादी) सगळे जिल्हे टाकल्यावर कुठूनही ‘सीडी वरूड’ चालतं, ही सोय मला फार आवडली. पण वर्ष आणि बहार पुन्हा लिहावेच लागतात. झॉक्साइड हे फोल्डर लक्षात ठेवून तिथे नेणारं टूल घरी वापरतो. त्याला आधी जाऊन आलेले फोल्डरच माहीत असतात, आणि इथे तर रोज नवीन फोल्डर.

झेडएसएच या दुसऱ्या शेलमध्ये ‘सीडी काटोल नरखेड’ लिहिलं की चालू मार्गातला तेवढा शब्द बदलतो. बॅशमध्ये चालू मार्ग ठेवणाऱ्या पीडब्ल्यूडी व्हेरिएबलमधला शब्द बदलून तेच जमतं. पण वरूड पडलं अमरावती जिल्ह्यात! तिथे जिल्हाही बदलावा लागतो. नुसतं तालुक्याचं नाव देऊन हे होईल का?

प्रतिसाद:
होईल भाऊ. तुमच्या तालुक्यांची नावं दोन जिल्ह्यांत सारखी नसतील तर जिल्ह्याच्या जागी स्टार (कुठल्याही नावाशी जुळणारं * चिन्ह) टाका, बॅश स्वतः शोधेल. बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) एक फंक्शन लिहा. आधी पीडब्ल्यूडीच्या सुरुवातीचा ‘होम/संत्रा/स्टार/स्टार/’ एवढा भाग हॅश चिन्ह वापरून कापा. एकच हॅश द्या, दोन दिले तर वर्षही जाईल. उरेल ‘२०२३/आंबिया’. मग ‘होम/संत्रा/स्टार/’, त्यापुढे दिलेला तालुका आणि हे शेपूट जोडून सीडी करा. स्टार अवतरणचिन्हांच्या बाहेर ठेवा, नाहीतर तो उलगडणार नाही. फंक्शनच हवं, वेगळी स्क्रिप्ट चालवली तर ती स्वतःच्या शेलमध्ये फोल्डर बदलते आणि तुम्ही आहात तिथेच राहता.

धागाकर्ता:
जमलं! काटोलहून थेट वरूडच्या आंबियात पोचलो. मनापासून आभार. आता टॅब दाबल्यावर तालुक्यांची नावं पुरी होतील का?

प्रतिसाद:
होतील. ‘कंप्लीट’ कमांडला डॅश मोठा डब्ल्यू देऊन अवतरणात तालुक्यांची यादी द्या, शेवटी फंक्शनचं नाव. ही ओळही बॅशआरसीमध्येच, फंक्शनच्या खाली.