विद्यार्थी प्रकल्प: इंडी संगीताच्या मासिकाची २४ पानं कशी आखायची?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)

नमस्कार. बीएच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघींना मिळून एका मासिकाचा नमुना अंक काढायचा आहे. विषय इंडी संगीत, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय स्वतः बांधलेलं, स्वतःच रेकॉर्ड केलेलं. आकार ए४, पानं २४, प्रती १००, मुदत फेब्रुवारीअखेर. एक लॅपटॉप आणि दोन बरे फोन आहेत, पानं मांडायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर नाही. सगळी पानं रंगीत छापण्याएवढे पैसे नाहीत.

मजकूर यूनिकोडमध्ये टाइप केलाय, पण डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टात तो गेला की सगळी जोडाक्षरं फुटतात. कॉलम दोन की तीन, फॉन्ट कोणता, रंगीत पानं कुठली, हे कसं ठरवायचं? आणि मुख्य वाद मजकुराचा आहे. दोघी म्हणतात मुंबई-पुण्याचे बँड घ्या, दोघी म्हणतात आपल्या भागातलं घ्या. नाव 'झडती' ठेवायचं मनात आहे.

कटमार्क (नागपूर)

ताई, लॅपटॉप उघडायच्या आधी ए३चे सहा कोरे कागद घ्या. मधोमध घडी घालून एकात एक बसवा. झाला तुमचा २४ पानांचा डमी. आता पेन्सिलनं १ ते २४ आकडे टाका आणि कागद सुटे करून पाहा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला २४ आणि १ येते, पाठीमागे २ आणि २३. त्याच्या आतल्यावर २२-३ आणि ४-२१. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दरवेळी २५च भरते. नाही भरली तर कागद उलटा बसला समजा.

हे काहून सांगतो, तर रंगीत पानं यातूनच ठरतात. प्रेस पानाचा हिशोब नाही करत, कागदाचा करते. एक बाहेरचा कागद आणि एक अगदी आतला, असे दोनच रंगीत छापले तर १, २, २३, २४ आणि ११, १२, १३, १४ अशी आठ पानं रंगीत मिळतात. बाकीचे चार कागद फक्त काळ्या शाईत. तुम्ही पान ५ रंगीत मागितलं तर ६, १९ आणि २० पण त्याच भावात गळ्यात पडतात. म्हणून मुख्य लेख ११ ते १४ वर ठेवा.

दोन पानभर पसरलेला फोटो १२-१३वरच घ्या. तेवढी एकच जोडी एका सलग कागदावर आहे. ८-९ सारखी जोडी दोन वेगळ्या कागदांची राहते, घडीत एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होते आणि गायकाचं तोंड तिथे आलं तर नाक वाकडं दिसते. १२-१३वर पण चेहरा घडीवर नको, पिना तिथेच लागतात.

सेंटर पिन बाइंडिंगला, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारायच्या तर, पानं चारच्या पटीतच पाहिजेत. मजकूर वाढला म्हणून २६ पानं नाही होत, २४ किंवा २८. आणि सहा कागद एकात एक बसले की आतला कागद बाहेर सरकते, कटिंगमध्ये त्याची अर्धा मिलिमीटरच्या आसपास कड जाते. पान क्रमांक कडेपासून १० मिलिमीटर तरी आत ठेवा.

कडेपर्यंत जाणारा फोटो किंवा रंग चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त पसरवा, म्हणजे फाइलचं पान २१६ बाय ३०३. पीडीएफ एकेका सुट्या पानाची, १ ते २४ ओळीनं द्या. जोड्या लावणं प्रेसचं काम आहे. तुम्ही जोड्या लावून आणल्या की आम्हाला त्या आधी तोडाव्या लागतात. १०० प्रतींना डिजिटल प्रिंटच घ्या. ऑफसेटमध्ये दर रंगाची वेगळी प्लेट लागते, इतक्या कमी प्रतींवर तो खर्च निघत नाही.

आतले पाच कागद ९० जीएसएम (कागदाचं वजन, जास्त म्हणजे जाड) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, बाहेरचा १७० जीएसएम आर्ट, म्हणजे गुळगुळीत. जाड कागदाला घडीआधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, मारायला सांगा, नाही तर घडीवर रंग तडकते आणि पांढरी रेघ दिसते. शंभर प्रती टाकण्याआधी एक प्रत काढून, पिना मारून, कापून हातात घ्या. स्क्रीनवर पाहून 'ओके' नका म्हणू.

शिरोरेषा

कॉलमचं मी सांगते. इंग्रजी मासिकांचं पाहून तीन कॉलम करायचा मोह होतो, पण मराठीत ते फसतं. ए४वर १८ मिलिमीटर समास सोडले तर मजकुराला १७४ मिलिमीटर रुंदी उरते. तीन कॉलम केले की प्रत्येकाला जेमतेम ५५, म्हणजे ओळीत पाच शब्द. आपले शब्द लांब, प्रत्यय जोडून आलेले. 'गावकऱ्यांसमोरच्या' एकट्यानं अर्धी ओळ खातो. त्यात दोन्ही कडा जुळवल्या तर शब्दांमध्ये पांढरी भगदाडं पडतात. दोन कॉलम घ्या, मध्ये ६ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. ओळीत सात-आठ शब्द बसतील. परीक्षणांसारख्या छोट्या मजकुराला तीन कॉलम चालतील, पण फक्त डावी कड जुळवून.

मजकुराचा आकार १०.५ पॉइंट, ओळींमधलं अंतर १५. इंग्रजीची सवय असलेला १२.५ वर ठेवतो आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. 'पूर्वी' हा शब्द ज्या ओळीत असेल ती जवळून पाहा. या मापानं फोटो आणि मथळा धरून पानाला ३५० ते ४०० शब्द बसतात. चार पानांच्या लेखाला १,४००. लिहायला बसण्याआधीच हा आकडा प्रत्येकीला द्या, नंतर कात्री लावताना भांडणं होतात.

सॉफ्टवेअर: स्क्रायबस, फुकट आहे. आवृत्ती १.६ किंवा त्यापुढचीच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. पुढे कधी इनडिझाइन मिळालं तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कम्पोझर' निवडा, नाही तर पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. मांडणी तुम्हीच करा आणि फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ थेट प्रेसला द्या. जुन्या फॉन्टात रूपांतर करण्याची पायरीच गाळा. ते करावंच लागलं तर 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सूर्य', 'ट्रॅक', 'ऑडिओ' हे शब्द शोधून तपासा. सगळ्यात आधी तेच मोडतात.

फॉन्ट दोन पुरे. मजकुराला तिरो देवनागरी मराठी, मथळ्यांना 'मुक्त' किंवा 'बलू' नावाचा. तिघेही मोफत आहेत. तिरोची मराठी आवृत्तीच उतरवा, हिंदी वेगळी असते आणि तिच्यात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन लिपीत ते चालतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत आणि यंत्रानं तिरकी केलेली देवनागरी वाचवत नाही, त्यामुळे मथळा, उपमथळा, फोटोओळ यांतला फरक जाडी आणि आकारानंच दाखवायचा. ३६, १६, १०.५ आणि ८.५ या चार पायऱ्यांत सगळा अंक बसवा.

आणि अक्षरं शुद्ध काळ्या शाईत, १०० टक्के के (छपाईच्या चार शायांतली काळी). चारही शायांचं मिश्रण होऊन आलेला काळा रंग बारीक अक्षरांना रंगीत झालर लावतो.

बांधावरून

वाद मजकुराचा आहे म्हणून त्यावरच लिहितो. रॉक स्ट्रीट जर्नल हे भारतीय बँडना जागा देणारं मासिक १९९३ साली सुरू झालं ते मुंबईत नाही, अलाहाबादेत. ब्रह्मपुरीत बसून मुंबईच्या बँडवर लिहायचं तर तुम्हाला इंटरनेटवरचं पुन्हा लिहावं लागेल. तुमच्यापासून नदी ओलांडली की वडसा आहे. तिथून झाडीपट्टीच्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं करतात, तिकीट लावून, स्वतःच्या हिमतीवर, आणि गाण्यांना साथ करणारे वादक समोर बसून वाजवतात. इंडी शब्दाची तुम्ही केलेली व्याख्या त्यांना जशीच्या तशी लागू पडते. मुख्य लेख तोच करा. पण अंक केवळ लोककलेचा होऊ देऊ नका. फोनवर रॅप रेकॉर्ड करणारी पोरं, भीमगीतांचे गायक, गोंडी रेला गाणी म्हणणाऱ्या मुली, सगळ्यांना एकाच मापानं मोजा: हे गाणं कुणी बांधलं, कशावर रेकॉर्ड केलं, खर्च कुणी केला, ऐकणाऱ्यापर्यंत कसं पोचलं. हे चार प्रश्न प्रत्येक मुलाखतीत असले की अंकाला आपोआप एक सूर येतो.

वादकाला नाटकाच्या रात्री गाठू नका. तालमीच्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी, झोप झाल्यावर. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवलं की साधारण अडीच हजार शब्द होतात, छापायचे ७००. पहिली दोन उत्तरं बहुतेक वेळा ओळखीपाळखीची असतात, ती जातात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, पण त्यांच्या तोंडची झाडीबोली 'दुरुस्त' करू नका. 'मी वाजवून रायलो होतो' म्हणणाऱ्याच्या तोंडी 'मी वादन करत होतो' घातलं की माणूसच बदलतो. छापण्याआधी त्यांचा मजकूर त्यांना वाचून दाखवा.

परीक्षण १२० शब्दांचं. त्यात गाण्याची लांबी, वर्ष, वाद्यं आणि रेकॉर्डिंग कुठे झालं एवढं यायलाच हवं. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' हे शब्द अंकात बंद करा. ढोलकी गायकाच्या आवाजावर चढते की नाही, एवढं सांगितलं तरी वाचकाला ऐकायचं काय ते कळतं.

'झडती' नाव चांगलं आहे. पोळ्याला तोरणाखाली आव्हान देत म्हणायची गोष्ट, आणि शोध घेणं हाही अर्थ. तीन अक्षरं, मुखपृष्ठावर ठसठशीत बसतील.

उजेडमापक

फोटोंबद्दल एवढंच. ए४ पूर्ण पान, कडेचे जादा ३ मिलिमीटर धरून, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो, ३००० बाय ४०००, पुरतो. पण तोच व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे छपाईत साडेतेरा सेंटिमीटर. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलनं घ्या. डिजिटल झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

नाटकाच्या मंडपात एलईडी दिवे असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५०० सेकंदावर नेला की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. फोन प्रो मोडवर टाकून शटर १/१०० ठेवा आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००च्या आसपास. गायक तान घेऊन क्षणभर थांबतो तेव्हा दाबा. गडद निळ्या उजेडातला फोटो रंगीत छापू नका. तो निळा शाईत येत नाही, मळकट जांभळा होतो. असे फोटो काळ्या पानांवर घ्या, तिथे ते शोभतात. काळ्या पानांसाठी फोटो थोडा उजळ करून द्या, मॅपलिथो शाई पितो आणि सावल्या बुजतात.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)

कागदांची घडी घालून पाहिली, बेरीज २५ येते! मुख्य लेख ११ ते १४वर झाडीपट्टीचा, ठरलं. आणखी दोन गोष्टी. गाणी ऐकवायला क्यूआर कोड टाकायचे आहेत, कुठे आणि केवढे? आणि खंजेरी भजनावर एक पान आहे, त्यात तुकडोजी महाराजांचं एक भजन पूर्ण छापलं तर चालेल का?

बांधावरून

क्यूआर प्रत्येक परीक्षणाखाली, २ सेंटिमीटर बाजूचा, पांढऱ्यावर काळा. चारी बाजूंनी कोडातल्या चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. घडीजवळ नको, पान वाकलं की वाचला जात नाही. लिंक जेवढी लांब तेवढे चौकोन बारीक होतात, म्हणून छोटी लिंक द्या. फुकटात 'बदलता येणारा' कोड देणाऱ्या साइट टाळा. मुदत संपली की छापलेला कोड मरतो. सगळी गाणी एका प्लेलिस्टमध्ये घालून तिचा एक कोड पान २३ वर द्या. एनएमई या ब्रिटिश साप्ताहिकानं १९८६ साली २२ बँडच्या गाण्यांची 'सी८६' ही कॅसेट काढली होती. ही प्लेलिस्ट म्हणजे तुमची तशी कॅसेट.

भजन पूर्ण छापायला परवानगी लागेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. चर्चेच्या ओघात दोन ओळी, नावासकट, उद्धृत करता येतात. पूर्ण भजन हवंच असेल तर महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमाला आत्ताच पत्र पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. तोवर त्या पानावर खंजेरी कशी धरतात, बोटं कुठे पडतात, याचे चार फोटो क्रमानं लावायची सोय ठेवा. परवानगी वेळेत आली नाही तरी पान रिकामं राहणार नाही.

कटमार्क (नागपूर)

आणि ताई, क्यूआर त्या पहिल्या प्रतीवर तपासा, स्क्रीनवर नाही. घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं, संध्याकाळच्या उजेडात. फाइल आम्हाला मुदतीच्या दहा दिवस आधी पाहिजे. फेब्रुवारीत लग्नपत्रिकांची गर्दी राहते.